बोट येईल तेव्हा

पॅटागोनियाला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या प्रदेशाला, जाऊन आले असे सांगितले की ऐकणारा सर्वप्रथम तोरेस देल पाइनेच्या सुळक्यांचे फोटो मागतो. ते फोटो माझ्याकडेही आहेत आणि ते इतरांच्या फोटोंसारखेच आले आहेत. मला लिहावेसे वाटते ते त्या सुळक्यांच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वीच्या वाटेविषयी, म्हणजे चिलीच्या दक्षिण किनाऱ्याने, कालेता तोर्तेल या गावापासून पुएर्तो नातालेस या गावापर्यंत बोटीने केलेल्या सुमारे ४१ तासांच्या प्रवासाविषयी. क्रूझ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येते त्याच्याशी या बोटीचा काडीचाही संबंध नाही. पुढचा जबडा उघडून ट्रक, जीपगाड्या आणि सिमेंटची पोती पोटात घेणारी, दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची थोरली बहीण शोभेल अशी ती बोट आहे. तिच्या वरच्या मजल्यावर मागे झुकणाऱ्या खुर्च्यांची एक मोठी खोली आहे आणि त्या खुर्चीतच दोन रात्री काढायच्या असतात. तिथले लोक तिला नावाने हाक मारत नाहीत, नुसते ‘बार्कासा’ म्हणतात, जसे आपण ‘एसटी’ म्हणतो.

अशी बोट मुळात का चालवावी लागते, हे नकाशा समोर घेतल्याशिवाय नीट कळत नाही. पुएर्तो मोंत या शहराच्या खाली चिलीची जमीन फुटलेल्या कौलासारखी विखुरते. हजारो बेटे, त्यांच्यामधून आत शिरलेले समुद्राचे फाटे आणि या सगळ्याच्या पाठीशी अँडीजवर पसरलेली बर्फाची दोन पठारे असा तो प्रदेश आहे. त्यांपैकी दक्षिणेकडचे पठार सुमारे ३५० किलोमीटर लांब असून त्याच्या काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. १९७६ साली लष्करी राजवटीत बांधायला घेतलेला ‘कार्रेतेरा आउस्त्राल’ हा रस्ता सुमारे १,२४० किलोमीटर धावून विया ओ’हिगिन्स या गावी संपतो, कारण त्यापुढे रस्ता न्यायला जमीनच नाही. त्यामुळे चिलीच्या माणसाला चिलीच्याच दक्षिण टोकाला मोटारीने जायचे असेल, तर आधी अर्जेंटिनात शिरावे लागते, तिथली वाऱ्याने सोललेली माळराने ओलांडावी लागतात आणि मग पुन्हा स्वदेशी यावे लागते. देशाबाहेर पाऊल न टाकता जायचे तर विमान किंवा बोट, एवढेच दोन मार्ग उरतात.

आमच्या घरात बोटीचा प्रवास ही एक दंतकथाच आहे. आई मूळची देवगडकडची. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने गावी जायचे, बोट बंदरापासून लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून पडावात उतरून किनारा गाठायचा, हे मी तिच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहे. त्या कथेत निसर्गवर्णन अजिबात नसते. बोट कोणाला किती लागली, लिंबू कोणी हुंगले, आलेपाक कोणी खाल्ला आणि एवढे करूनही शेवटी काय झाले, इतकाच तपशील असतो. मी निघाले तेव्हा आलेपाकाच्या वड्यांचा डबा आणि आवळासुपारीची पुडी तिने माझ्या सॅकमध्ये स्वतःच्या हाताने कोंबली होती.

खरे सांगायचे तर बोट लागण्याच्या भीतीनेच मी हा मार्ग निवडला होता. पुएर्तो मोंतहून थेट नातालेसला जाणारी मोठी बोट आहे, परंतु तिला वाटेत गोल्फो दे पेनास या उघड्या आखातातून, म्हणजे प्रशांत महासागराच्या लाटा अंगावर घेत जावे लागते. पेनास म्हणजे दुःखे, आणि त्या आखाताची कीर्ती नावाला जागणारी आहे. १७४१ साली ‘वेजर’ हे इंग्रज नौदलाचे जहाज याच आखाताच्या दक्षिण काठावरील बेटांवर आपटून फुटले आणि वाचलेल्या खलाशांनी भुकेने कासावीस होऊन आपापसांत बंड केले. हे आखात टाळता यावे म्हणून चिली सरकारने १९३७ साली ऑफ्कीच्या संयोगभूमीतून कालवा खोदायला घेतला होता. १९४३ साली पैशांअभावी ते काम अर्धवट सोडून देण्यात आले. तोर्तेलहून सुटणारी बार्कासा मात्र या आखाताच्या खालून निघते आणि जवळजवळ सर्व वेळ बेटांच्या आडोशाने चालते. पोटाची काळजी असणाऱ्यांनी ही माहिती लक्षात ठेवावी.

सान्तियागोहून विमानाने बाल्मासेदा, तिथून बसने कोयाइके, मग कोच्राने आणि शेवटी तोर्तेल असे आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझा नवरा, चार दिवसांत पोहोचलो. बसच्या प्रवासाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. धूळ, खडी आणि खिडकीबाहेर अविश्वसनीय निळ्या रंगाची बाकेर नदी. तोर्तेलला मात्र थांबून पाहावे. बर्फाच्या दोन पठारांच्या मध्ये, बाकेर नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव १९५५ साली वसले, आणि २००३ सालापर्यंत तिथे रस्ता पोहोचलेला नव्हता. आजही रस्ता येतो तो गावाच्या डोक्यावर येऊन थांबतो. तिथे गाडी सोडायची आणि लाकडी जिन्यांनी खाली उतरायचे, कारण गावात रस्ताच नाही. कित्येक किलोमीटर लांबीच्या, खांबांवर उभारलेल्या लाकडी वाटा हेच तिथले गल्लीबोळ. हे सारे लाकूड ग्वाइतेकास सायप्रसचे, जे पाण्यात राहूनही लवकर कुजत नाही. गावावर त्याच लाकडाचा आणि सरपणाच्या धुराचा वास पसरलेला असतो. पावसाने शेवाळलेल्या फळ्यांवरून पंधरा किलोची सॅक घेऊन जिने चढता-उतरताना, चाकांची बॅग न आणण्याचा आपला निर्णय किती योग्य होता, हे पावलागणिक पटत जाते.

बोटीच्या आदल्या दिवशी हवा चांगली होती म्हणून आम्ही एका छोट्या होडीने नदीच्या मुखातील ‘इस्ला दे लोस मुएर्तोस’, म्हणजे मेलेल्यांच्या बेटावर गेलो. विसाव्या शतकाच्या आरंभी एका कंपनीने याच सायप्रसच्या तोडीसाठी चिलोए बेटावरून मजूर आणले होते. १९०६ च्या हिवाळ्यात त्यांना घरी नेणारी बोट वेळेवर आली नाही. अन्न संपत आले, माणसे आजारी पडू लागली आणि एकामागून एक मेली. स्कर्व्हीने मेली, चुकून अन्नातून विष गेले, की मजुरी बुडवण्यासाठी कंपनीनेच विष घातले, यावर तिथे आजही वाद घातला जातो; अभ्यासकांचा कल अलीकडे स्कर्व्हीकडे, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाकडे आहे. बेटावर आता ३३ क्रूस उरले आहेत. त्याच सायप्रसचे आहेत, म्हणून तर उरले आहेत. बहुतेकांवर नाव नाही. झाडांच्या मुळांनी काही क्रूस उचलून तिरके केले आहेत आणि शेवाळ्यावर पाऊल पडले की ते गादीसारखे खाली दबते. आमच्या होडीवाल्याने टोपी काढली नाही की आवाज खाली आणला नाही. गावातली कोणतीही गोष्ट सांगावी तशा स्वरात त्याने सांगितले की, मंडळी बोटीची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी आमचीही बोट आली नाही. सकाळपासून वारा फिरला आणि दुपारी धक्क्याजवळच्या फळ्यावर ‘पुएर्तो सेर्रादो’, बंदर बंद, असे शब्द लागले. आपल्याकडे बंदरावर बावटा चढला की होड्या किनाऱ्याला लागतात, तसाच हा प्रकार आहे. नौदलाच्या अधिकाऱ्याने बंदर बंद केले की त्यावर अपील नसते. नातालेसमध्ये आम्ही आधीच पैसे भरून ठेवलेली खोली त्यामुळे हातची गेली, आणि जिच्यामार्फत ती घेतली होती त्या आरक्षणाच्या संकेतस्थळाने ‘हवामान हे कारण ग्राह्य नाही’ असे अत्यंत सभ्य भाषेत कळवले. माझी चिडचिड झाली, हे कबूल करते. आमच्या घरमालकिणीने मात्र चुलीत दोन ओंडके सरकवले, आणखी एका रात्रीचे पैसे घ्यायला नकार दिला आणि खांदे उडवून सांगितले की, बोट येईल तेव्हा येईल. आदल्या दिवशी ते क्रूस पाहिलेले नसते तर हे वाक्य मला निव्वळ आळशीपणाचे वाटले असते.

बोट आली ती त्यानंतरच्या रात्री अकराच्या सुमारास. प्रथम दोन बेटांमधून एक पिवळा दिवा दिसला, मग इंजिनाचा घरघराट ऐकू आला आणि मग तो प्रचंड लोखंडी जबडा साखळ्यांच्या खडखडाटात काठावर उतरला. आधी गाड्या, मग सायकलवाले, मग सॅकवाले आणि त्यांच्या अधेमधे, कोणताही क्रम न पाळता, स्थानिक लोक. त्यांच्या हातांत अंड्यांचे ट्रे होते, गादी होती, पिंजऱ्यातले मांजर होते. स्थानिकांना या बोटीचे तिकीट सरकारी अनुदानामुळे परदेशी प्रवाशांच्या तुलनेत बरेच स्वस्त पडते, आणि ते तसेच असायला हवे. आमच्यासारख्यांना ही मौज आहे, त्यांना तो रस्ता आहे. आम्ही खिडकीजवळच्या दोन खुर्च्या पकडल्या. जाऊ पाहणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की झोपायची पिशवी, जाड मोजे आणि कानांत घालायचे बोळे सॅकच्या तळाशी ठेवू नयेत, कारण रात्री दीड वाजता, दिवे मंद झाल्यावर, अनोळखी माणसाच्या घोरण्याच्या साथीने सॅक उपसणे हे काम फार लाजिरवाणे असते.

पहाटे डोळे उघडले तेव्हा बोट मेसिएर खाडीत शिरलेली होती. खाडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो चिखल, तिवरे आणि ओहोटीचा वास येथे नाही. दोन्ही बाजूंना कातळाचे उभे डोंगर, त्यांच्या अंगावर कोईगुएच्या झाडांचे बुटके, वाऱ्याने एका बाजूला विंचरलेले दाट जंगल, आणि मध्ये शाईसारखे काळे, हलण्याचे नाव न घेणारे पाणी. हिमनद्यांनी कोरलेल्या या दरीत मागाहून समुद्र शिरला, त्यामुळे ती भयंकर खोल आहे. सर्वांत खोल जागी तळ १,३०० मीटरांहून खाली आहे. समुद्रसपाटीपासून महाबळेश्वर जेवढे वर, जवळजवळ तेवढेच ते खाली. हा सारा प्रदेश बेर्नार्दो ओ’हिगिन्स राष्ट्रीय उद्यानात मोडतो, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला अख्खा कोकण विभाग त्यात मावून वर जागा उरेल. फरक एवढाच की त्या विस्तारात माणसांची वस्ती असलेले गाव म्हणावे असे आमच्या वाटेवर एकच होते.

पाऊस पडत होता. कोकणातल्या माणसाने दुसऱ्याच्या पावसाचे कौतुक करू नये असा आमच्याकडे संकेत आहे, परंतु आपला पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो. हा पाऊस बारा महिने, घाई न करता, सगळा वेळ आपलाच असल्यासारखा पडतो. दर वळणावर डोंगरांवरून धबधबे उतरत होते, इतके की दहाव्या-बाराव्यानंतर कोणी मान वळवेना. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की या प्रवासात पुष्कळ तास काहीही घडत नाही. ढग खाली येतात, डोंगर दिसेनासे होतात, खिडकीवरून थेंब ओघळतात आणि चहा पुन्हा एकदा मिळतो. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी एकाच पेरूच्या वडीचे चार भाग करून चार वेळा खाल्ले, निव्वळ काहीतरी केल्याचे समाधान मिळावे म्हणून. जेवण तिकिटातच असते. मसुराचा दाट रस्सा, पाव, भात, कधी कोंबडी. दिवसभर डेकवर काढून आल्यावर तो मसुराचा रस्सा मला आईच्या हातच्या आमटीइतका गोड लागला, हे तिला सांगितलेले नाही.

आणि मग एकाएकी काहीतरी दिसते. बोटीच्या चाहुलीने पाण्यावरून पळत सुटलेले एक करडे बदक आम्हाला दिसले. त्याला उडता येत नाही. ते दोन्ही पंख वल्ह्यांसारखे आळीपाळीने पाण्यावर आपटत, दोन्ही बाजूंना फेस उडवत, जुन्या चाकाच्या आगबोटीसारखे धावते आणि म्हणूनच इंग्रज खलाशांनी त्याचे नाव ‘स्टीमर डक’ ठेवले. आगबोटीच्या गोष्टींवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे बदक भेटणे म्हणजे घरचे कोणीतरी भेटल्यासारखे होते.

त्यानंतर तासाभराने समोर खाडीच्या मध्यभागी एक जहाज दिसले. आपल्याकडेच तोंड करून, थोडे कललेले, पण सरळ उभे. एका सायकलवाल्याने हात हलवला. जवळ गेल्यावर दिसले की ते पूर्ण गंजलेले आहे, त्याच्या बाजूंना भोके पडली आहेत आणि पक्ष्यांनी त्याचा ताबा घेतला आहे. हे ‘कापितान लेओनिदास’, साखर घेऊन निघालेले मालवाहू जहाज, जे १९६८ साली कोतोपाक्सी नावाच्या उथळ खडकावर चढले ते आजतागायत तिथेच आहे. शेकडो मीटर खोल पाण्याच्या मधोमध वर आलेल्या त्या एकुलत्या एका खडकावर ते नेमके कसे गेले, याची तिथे सांगितली जाणारी कथा अशी की कप्तानाने साखर वाटेतच विकून टाकली होती आणि विम्याचे पैसे मिळावेत म्हणून त्याला जहाज बुडवायचे होते. ते बुडलेच नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला खडकाची जागा दाखवत उभे आहे. बुडवायला नेलेल्या जहाजाने इतकी वर्षे इतरांना बुडण्यापासून वाचवावे, याची मला फार गंमत वाटली आणि मी दुर्बीण खाली ठेवेना.

त्याच दुपारी अंगोस्तुरा इंग्लेसा ही चिंचोळी वाट आली. एवढी रुंद, एवढी खोल खाडी एका ठिकाणी आवळत जेमतेम १८० मीटरांवर येते आणि तीही सरळ नाही, नागमोडी. भरती-ओहोटीचे सगळे पाणी तेवढ्याच फटीतून जायचे असल्याने ओढ जबरदस्त असते, म्हणून पाणी संथ होण्याची वेळ साधून बोटी शिरतात, आणि एका वेळी एकच बोट शिरते. आधी रेडिओवरून तसे पुकारावे लागते. आमची बोट मंदावली. बोलणारे लोक आपोआप गप्प झाले. दोन्ही काठांवरची झाडे इतकी जवळ आली की एका पानावरून पाणी दुसऱ्या पानावर टपकताना दिसत होते. वाटेतल्या एका इवल्याशा बेटावर समुद्राची रक्षणकर्ती म्हणून मरीयेची पांढरी मूर्ती बसवलेली आहे. तिच्यासमोरून वळण घेताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या धिप्पाड ट्रकचालकाने हातातली सिगारेट पाठीमागे धरली, दुसऱ्या हाताने क्रूसाची खूण केली आणि बोट सरळ होताच सिगारेट पुन्हा ओठात धरली.

पुएर्तो एदेन हे वेलिंग्टन बेटावरचे गाव या चिंचोळ्या वाटेच्या खालीच आहे. दोनशेही माणसे नसतील. इथेही रस्ता नाही, गाडी नाही. किनाऱ्याने जाणारी लाकडी वाट, तिच्या कडेला रंगीत पत्र्यांची घरे आणि पाठीमागे लगेच सुरू होणारे ओले रान. बोट येथे तासभर थांबणार होती आणि आम्हाला उतरायची परवानगी मिळाली. परंतु उतरण्याआधी मी वरून पाहत राहिले, कारण खाली जे चालले होते ते कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाहून अधिक पाहण्यासारखे होते. अख्खे गाव धक्क्यावर आले होते. गॅसच्या रिकाम्या टाक्या बोटीकडे आणि भरलेल्या गावाकडे अशी हातांची साखळी लागली होती. बटाट्यांची पोती, दरवाजाची एक नवी चौकट, डायपरचे गठ्ठे, खोक्यातले धुलाईयंत्र असे एकेक बाहेर येत होते. ते यंत्र दोघांनी एका लाकडी हातगाडीवर चढवले, तिसऱ्याने मागून धरले आणि त्या डुगडुगत्या वाटेवरून त्याची मिरवणूक निघाली. पुढे दोन कुत्री, मागे एक आजी छत्री यंत्रावर धरून, स्वतः भिजत. तोर्तेलमध्ये एक दिवस उशीर झाला म्हणून आम्ही कुरकुरलो होतो. हा गॅस, हे बटाटे आणि ते यंत्र यांनाही तेवढाच उशीर झाला होता, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आले नव्हते.

वाटेच्या तोंडाशी एक बाई प्लॅस्टिकच्या टबात ‘चोल्गा’ घेऊन बसली होती. हे आपल्याकडच्या शिनाण्यांचे दांडगे भाऊबंद. उकडून, धुरावर सुकवून, लव्हाळ्याच्या काडीत ओवून माळा केलेल्या. एके काळी या माळा हाच गावाचा धंदा होता. पुढे ‘लाल भरती’ने, म्हणजे सूक्ष्म शैवालांमुळे शिंपल्यांत साठणाऱ्या विषाने तो मोडला. तपासणी केल्याशिवाय शिंपले विकता येत नाहीत, आणि तपासणीची सोय अशा ठिकाणाहून फार लांब असते. आपला माल तपासलेला असल्याचे तिने मी न विचारताच तीनदा सांगितले. मी एक माळ घेतली. रंग चिंचेसारखा, वास सुक्या बांगड्याचा आणि पेटलेल्या चुलीचा, आणि चावायला इतकी चिवट की एक चोल्गा मी बोट सुटेपर्यंत चघळत होते.

एदेन हे कावेस्कार लोकांचे गाव आहे. हे लोक शतकानुशतके या खाड्यांमधून होड्यांतच राहत. होडीच्या मध्यभागी मातीच्या थरावर विस्तव सतत पेटता ठेवलेला असे, पुरुष समुद्रसिंहांची शिकार करीत आणि बायका त्या गोठवणाऱ्या पाण्यात बुड्या मारून शिंपले काढीत. गाव, घर, अंगण सारे त्या होडीत. मग बाहेरची जहाजे आली, आणि जहाजांबरोबर रोग, दारू आणि शिकारीचा हव्यास आला. १८८१ साली त्यांच्यापैकी अकरा जणांना युरोपात नेण्यात आले आणि पॅरिस, बर्लिन, झुरिक अशा शहरांत तिकीट लावून, प्राणिसंग्रहालयात जनावरे मांडावीत तसे मांडण्यात आले. बहुतेक तिथेच मेले. त्यांतल्या पाच जणांचे अवशेष झुरिकहून जानेवारी २०१० मध्ये, म्हणजे जवळजवळ १२९ वर्षांनी, चिलीत परत आले. गावात फिरताना हे सारे माहीत असणे अवघड वाटते. आम्ही कॅमेरे खिशात ठेवले. सुदैवाने पाऊस एवढा होता की त्यासाठी निमित्त शोधावे लागले नाही.

एदेनला काही माणसे चढली. त्यांत एक तरुण गरोदर मुलगी आणि तिची आई होती, आणि त्यांच्या खुर्च्या नेमक्या आमच्या मागे होत्या. नवव्या महिन्यात ऐन वेळी धावपळ नको म्हणून पोरीला आधीच नातालेसला नेऊन ठेवायचे, बाळंत झाली की याच बोटीने परत आणायचे, असा बेत आईने माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशला सांभाळून घेत समजावला. मी विचारले की बोट चुकली तर काय करता. ती म्हणाली, म्हणून तर लवकर निघालो. रात्री त्या मुलीचे पाय सुजले तेव्हा आईने आपली पिशवी खुर्चीसमोर ठेवून त्यावर तिचे पाय उचलून ठेवले आणि त्या पायांवर स्वतःचे जाकीट घातले. मी आलेपाकाचा डबा पुढे केला. पोरीने एक वडी जिभेवर ठेवली, तिखटाने डोळे मोठे केले आणि मग आणखी दोन उचलल्या. आईच्या आलेपाकाचा त्या प्रवासात झालेला हा एकमेव उपयोग, कारण बोट ना मला लागली, ना नवऱ्याला. इतके संथ पाणी मी बोटीतून कधी अनुभवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले. सार्मिएन्तो खाडीच्या काठाने बर्फाचे डोंगर, जे दीड दिवस तिथेच होते आणि आम्हाला दिसत नव्हते, एका पाठोपाठ उघडे पडत गेले. सगळी बोट डेकवर आली आणि मागे कधीही न बोललेली माणसे एकमेकांचे फोटो काढू लागली. नातालेसच्या आधी आणखी एक चिंचोळी वाट लागते, पहिलीहूनही अरुंद. तिथे बोट पुन्हा मंदावली, परंतु या खेपेला कोणी गप्प झाले नाही, आम्ही आता सराईत झालो होतो. तिच्यापलीकडे डोंगर मागे सरले, आकाश मोठे झाले आणि वारा सुरू झाला, तो कोरडा, मैदानावरचा वारा, ज्याने केस उलटे होतात आणि बोललेले वाक्य बोलणाऱ्याच्याच तोंडात परत येते. काळ्या मानेचे हंस काठाजवळच्या पाण्यावर थव्याने बसले होते. त्यांच्यामागे नातालेसची बुटकी, रंगीत पत्र्यांची घरे दिसू लागली.

बोट वळून धक्क्याकडे तोंड करीत असतानाच माझ्या फोनला दोन दिवसांनी जीव आला आणि खिशात तो एकसारखा थरथरू लागला. बँकेचे संदेश, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सूचना, भाचीचा वाढदिवस. मधूनमधून आईचे संदेश होते, दर काही तासांनी एक, आणि सगळ्यांत तेच तीन शब्द होते: ‘बोट लागली का?’

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. खाली साखळ्या खडखडल्या, जबडा काठावर टेकला, आणि आमच्या मागच्या आईने पोरीचा दंड धरून तिला हळूहळू जिन्याकडे न्यायला सुरुवात केली. मी एका हाताने त्यांची पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने आईला लिहिले, ‘हो, आत्ताच लागली. धक्क्याला.’